पाय वाचला, पण किती वर्षे?

"शुगरने पाय नेला." आमच्याकडे खानदेशात हे वाक्य इतके सरावाचे झाले आहे की ऐकणारा दचकतसुद्धा नाही. एखाद्या घरातले चाचा किंवा नानी चालता चालता मध्येच थांबू लागतात, पोटरीत गोळे येतात, घरचे म्हणतात वय झाले. मग अंगठ्याला लहानशी जखम होते. ती भरत नाही, काळी पडते आणि एके दिवशी कळते की पाय कापावा लागला. खरे तर शुगर एकटी पाय नेत नाही. तिच्या जोडीला विडी, तंबाखू, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल असते. या सगळ्यांनी मिळून पायाकडे रक्त नेणारी धमनी आतून चिंचोळी केलेली असते. डॉक्टर याला 'पेरिफेरल आर्टरी डिसीज' म्हणतात. आपण पायाच्या धमन्यांचा आजार म्हणू या.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या अभ्यासानुसार, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आकडेवारीत, देशातील मधुमेहींची संख्या १० कोटींच्या वर आहे. म्हणजे हा आजार कुणा परक्याचा नाही, तो प्रत्येक गल्लीत आहे. पाय न फाडता, एका बारीक नळीने ही धमनी उघडण्याची विद्या आता साठ वर्षांची झाली. तिचा इतिहास बहुतेक वेळा विजयाच्या गोष्टीसारखा सांगितला जातो: धमनी बंद होती, डॉक्टरांनी उघडली, पाय वाचला. पण उघडलेली धमनी किती वर्षे उघडी राहिली, हा या इतिहासाचा दुसरा आणि अधिक अवघड भाग आहे. हा लेख त्या दुसऱ्या भागाविषयी आहे.

लंगडणारा घोडा

या आजाराच्या मुख्य लक्षणाला वैद्यकात 'क्लॉडिकेशन' म्हणतात. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ फक्त 'लंगडणे' असा आहे. फारसीत 'लंग', आपल्याकडे 'लंगडा'. दोन भाषा शिकवणाऱ्या माणसाला असे शब्द भेटले की बरे वाटते, कारण आजाराचे भारदस्त नाव उलगडून पाहिले की आत साधे बोलणे सापडते.

गंमत अशी की हे लंगडणे आधी जनावरात ओळखले गेले. १८३१ साली बुले नावाच्या फ्रेंच पशुवैद्याने एका घोड्याची हकीकत लिहिली. घोडा पळायला लागला की काही वेळाने लंगडायचा, उभा केला की बरा व्हायचा, पुन्हा पळवला की पुन्हा तेच. कारण निघाले मांडीतली बंद धमनी. पुढे १८५८ मध्ये पॅरिसचे प्रसिद्ध वैद्य शार्को यांनी माणसातही हेच घडते हे दाखवून दिले. स्नायूला विश्रांतीत रक्त कमी लागते, चालताना जास्त लागते. अरुंद धमनी ते जास्तीचे रक्त पुरवू शकत नाही. म्हणून ठरावीक अंतर चालले की दुखते आणि थांबले की राहते. आजार वाढला की बसल्या जागीही दुखते, रात्री झोप लागत नाही, जखमा भरत नाहीत.

आजार कळला तरी उपाय नव्हता. १९४८ साली पॅरिसमध्येच जां क्युन्लँ या शल्यविशारदाने रुग्णाच्या पायातलीच शीर काढून ती बंद जागेला वळसा घालून जोडली. हाच पायाचा बायपास. ही शस्त्रक्रिया उत्तम होती, पण मोठी होती. म्हातारा, हृदयाने अशक्त, शुगरने पोखरलेला रुग्ण ती सोसेलच असे नाही. ज्याला ती सोसत नसे, त्याच्यापुढे करवतीशिवाय काही उरत नसे.

पोर्टलंडचा 'वेडा चार्ली'

अमेरिकेच्या ओरेगन राज्यातील पोर्टलंड शहरात चार्ल्स डॉटर हे क्ष-किरण विभागाचे प्रमुख होते. वयाच्या बत्तिसाव्या वर्षीच ते त्या पदावर बसले होते. गिर्यारोहक, धडपडे, थोडे तऱ्हेवाईक. नळीच्या आतून जाणाऱ्या तारेसाठी त्यांनी गिटारच्या तारा आणि मोटारीच्या स्पीडोमीटरची केबलसुद्धा वापरून पाहिली. लोक त्यांना 'क्रेझी चार्ली' म्हणत.

१९६३ साली ते एका रुग्णाच्या महाधमनीचे चित्र काढत होते. जांघेतून वर सरकवलेली नळी चुकून कमरेजवळच्या बंद धमनीतून आरपार गेली आणि ती वाट मोकळी झाली. दुसऱ्या कुणी हा योगायोग म्हणून सोडून दिला असता. डॉटर यांनी विचार केला की जे चुकून झाले ते मुद्दाम का करू नये? त्याच वर्षी चेकोस्लोव्हाकियात भरलेल्या परिषदेत त्यांनी ही कल्पना मांडली की निदानासाठी वापरली जाणारी नळी उपचाराचे हत्यार होऊ शकते.

१६ जानेवारी १९६४ रोजी ती संधी आली. ८२ वर्षांची एक वृद्धा रुग्णालयात होती. डाव्या पायाला गँग्रीन, असह्य वेदना, न भरणारी जखम. शल्यविशारदांनी पाय कापण्याचा सल्ला दिला होता, तिने ठाम नकार दिला होता. डॉटर आणि त्यांचे सहकारी मेल्व्हिन जडकिन्स यांनी मांडीतल्या धमनीत आधी बारीक तार घातली, मग तिच्यावरून एक नळी आणि तिच्यावरून आणखी जाड नळी सरकवली. धमनीतला अरुंद भाग रुंद झाला. काही मिनिटांतच पाऊल गरम झाले. आठवडाभरात वेदना थांबल्या, पुढे जखमही भरली.

ही गोष्ट सहसा इथे संपवली जाते. पण डॉटर इथे थांबले नाहीत. त्यांनी त्या बाईच्या धमनीची चित्रे काही आठवड्यांनी, काही महिन्यांनी आणि त्यानंतरही पुन्हा काढली. धमनी उघडीच होती. ती बाई पुढे अडीच-तीन वर्षे जगली आणि शेवटपर्यंत स्वतःच्या दोन्ही पायांवर चालली. पहिल्याच रुग्णाच्या बाबतीत 'पुढे काय झाले' हा प्रश्न विचारला गेला होता, हे मला त्या नळीइतकेच महत्त्वाचे वाटते.

त्यांच्या देशात मात्र त्यांची फारशी कदर झाली नाही. शल्यविशारदांचा विश्वास नव्हता. एकाने तर रुग्ण तपासणीला पाठवताना चिठ्ठीवर बजावले होते की फक्त चित्र काढा, दुरुस्त करायला जाऊ नका. ही विद्या टिकली ती युरोपात. जर्मनीत एबरहार्ट झाइटलर यांनी ती उचलली आणि तिकडचे डॉक्टर या क्रियेला 'डॉटरिंग' म्हणू लागले.

स्वयंपाकघरातला फुगा

डॉटर यांच्या पद्धतीत एक अडचण होती. जाड नळी घालायची तर जांघेत तेवढेच मोठे भोक लागायचे, आणि नळी ढकलताना धमनीतला थर खरवडला जाऊन पुढे वाहण्याची भीती असे. नळी बारीकच जावी आणि आत गेल्यावर फुगावी, असे काहीतरी हवे होते.

ते केले आंद्रेआस ग्रुन्टझिग या जर्मन डॉक्टरने, स्वित्झर्लंडमधील झुरिक शहरात. साधा रबरी फुगा चालत नव्हता, कारण तो जिथे वाट सोपी तिथे फुगतो आणि कठीण जागी दबून राहतो. ठरावीक आकारापर्यंतच फुगेल आणि मग कडक राहील असा फुगा हवा होता. ग्रुन्टझिग रात्री आपल्या घराच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर, सहकाऱ्यांना आणि घरच्यांना हाताशी घेऊन प्लास्टिकच्या नळ्यांवर प्रयोग करत बसत. रसायनशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापकाने त्यांना पीव्हीसीची वाट दाखवली. फेब्रुवारी १९७४ मध्ये त्यांनी असा फुगा पहिल्यांदा रुग्णाच्या पायाच्या धमनीत फुगवला. हृदयाची अँजिओप्लास्टी त्यानंतर साडेतीन वर्षांनी, सप्टेंबर १९७७ मध्ये झाली. आज आपण अँजिओप्लास्टी म्हटले की हृदय समजतो, पण ही विद्या आधी पायाने शिकली आणि मग छातीपर्यंत पोहोचली.

१९८५ हे या विद्येला दुखवट्याचे वर्ष ठरले. त्या एकाच वर्षात जडकिन्स गेले, डॉटर गेले आणि ऑक्टोबरमध्ये ग्रुन्टझिग विमान अपघातात वारले. त्यांनी दार उघडले होते. ते दार पुन्हा पुन्हा बंद का होते, हा प्रश्न पुढच्यांसाठी राहिला.

मोडणारी जाळी

फुगा फुगवला की धमनी उघडते, हे खरे. पण धमनी ही पाण्याचा पाइप नाही, ती जिवंत आहे. ताणलेले रबर सुटावे तशी ती थोडी मागे येते. फुग्याने आतला थर चिरतो, त्याची पापुद्र्यासारखी झडप लोंबू शकते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे शरीर या चिरेला जखम समजते आणि ती भरून काढते. भरून काढताना पेशी इतक्या वाढतात की काही महिन्यांत वाट पुन्हा अरुंद होते. म्हणजे शरीराची जखम भरण्याची देणगीच इथे आडवी येते.

यावर उपाय म्हणून धातूची जाळी, म्हणजे स्टेंट, आला. त्याची कल्पनाही डॉटर यांचीच. १९६९ साली त्यांनी कुत्र्यांच्या पायाच्या धमनीत तारेची गुंडाळी बसवून पाहिली होती. पुढे अर्जेंटिनात जन्मलेले हुलियो पाल्माझ यांनी ग्रुन्टझिग यांचे भाषण ऐकून फुग्यावर बसवलेल्या जाळीवर काम सुरू केले. १९९१ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, ती ओटीपोटातल्या धमनीसाठी मंजूर केली. तिथे ती छान टिकली, कारण ती धमनी रुंद आणि बऱ्यापैकी स्थिर असते.

मांडीतल्या धमनीचे तसे नाही. आपण बसतो, उठतो, जिना चढतो, मांडी घालतो, नमाजमध्ये गुडघे टेकतो. प्रत्येक वेळी ती धमनी वाकते, पिळवटते, आखडते आणि पुन्हा ताणली जाते. शिवाय तिच्यातले अडथळे लांबलचक असतात. हृदयात दोन-तीन सेंटिमीटरची जाळी पुरते, इथे कधी वीस सेंटिमीटरही पुरत नाही. मग निकेल आणि टायटॅनियमच्या मिश्रणाची, दाबली तरी पूर्ववत होणारी जाळी आली. तिचे नाव नितिनॉल. २००६ साली व्हिएन्नातील डॉक्टरांनी १०४ रुग्णांचा अभ्यास छापला. वर्षभराने नुसत्या फुग्याच्या गटात ६३ टक्के धमन्या पुन्हा अरुंद झाल्या होत्या, जाळीच्या गटात ३७ टक्के. फरक मोठा होता, पण ३७ टक्के हा आकडाही काही लहान नव्हता.

त्याच्या एक वर्ष आधी जर्मनीतील लाइपझिगच्या डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट करून ठेवली होती. त्यांनी जाळी बसवलेल्या १२१ पायांचे क्ष-किरण फोटो काढले. ४५ पायांतली जाळी मोडलेली निघाली, म्हणजे ३७ टक्क्यांहून अधिक. जिथे जाळी मोडली होती तिथे धमनी पुन्हा बंद होण्याचे प्रमाणही जास्त होते. हे कळले, कारण कुणीतरी पुन्हा पाहण्याची तसदी घेतली. त्यानंतर अधिक लवचिक जाळ्या घडवल्या गेल्या. या क्षेत्रातली जवळपास प्रत्येक खरी सुधारणा अशी, कुणीतरी मागे वळून पाहिल्यामुळे झाली आहे.

नंदुरबारचा माणूस, अमेरिकेचे झाड

वाढणाऱ्या पेशींना आवरायचे तर औषध हवे, आणि ते रक्तात नव्हे तर नेमके त्या जागी. इथे या इतिहासात आपल्या खानदेशचा एक माणूस येतो.

मनसुख वाणी यांचा जन्म १९२५ साली नंदुरबारचा. मुंबई विद्यापीठात शिक्षण, मग अमेरिका, १९६२ मध्ये इंडियाना विद्यापीठाची पीएच. डी. त्यानंतर नॉर्थ कॅरोलिनातील एका संशोधन संस्थेत ते मन्रो वॉल यांच्यासोबत झाडांमधून कर्करोगावरची औषधे शोधू लागले. त्याच वर्षी ओरेगनच्या शेजारच्या वॉशिंग्टन राज्यातील जंगलातून पॅसिफिक यू नावाच्या झाडाची साल गोळा करण्यात आली. वॉल आणि वाणी यांनी तिच्यातून एक द्रव्य वेगळे काढले आणि १९७१ साली त्याची रचना प्रसिद्ध केली. हेच टॅक्सॉल, म्हणजे पॅक्लिटॅक्सेल. ते पेशीचे विभाजन रोखते. १९९२ मध्ये अंडाशयाच्या कर्करोगासाठी त्याला मंजुरी मिळाली आणि असंख्य स्त्रियांना त्याचा उपयोग झाला.

जे औषध कर्करोगाच्या पेशी वाढू देत नाही, ते धमनीतल्या पेशीही वाढू देणार नाही, असा विचार पुढे आला. जर्मनीत उलरिश श्पेक आणि ब्रुनो शेलर यांनी फुग्यालाच हे औषध माखले. फुगा मिनिटभर फुगवायचा, औषध धमनीच्या भिंतीत उतरवायचे आणि फुगा बाहेर काढायचा. आत काहीच ठेवायचे नाही, म्हणजे मोडायलाही काही नाही. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या १५४ रुग्णांच्या चाचणीत सहा महिन्यांनी साध्या फुग्याच्या गटात ४४ टक्के धमन्या पुन्हा अरुंद झाल्या होत्या, औषधी फुग्याच्या गटात १७ टक्के. याच औषधाचा लेप दिलेल्या जाळीचा पाच वर्षांचा हिशेबही पुढे आला. औषधी जाळीच्या ६६ टक्के धमन्या पाच वर्षांनी उघड्या होत्या, नेहमीच्या उपचारांच्या ४३ टक्के. नंदुरबारमध्ये जन्मलेल्या माणसाने ज्या द्रव्याची ओळख जगाला करून दिली, ते आता जगभरच्या पायांत काम करत होते. वाणी २०२० साली वारले. त्यांचे नाव आपल्या शाळांतल्या किती मुलांना माहीत आहे, हा प्रश्न मी शिक्षक म्हणून इथे नोंदवून ठेवतो.

डिसेंबर २०१८

मग एक धक्का बसला. डिसेंबर २०१८ मध्ये ग्रीसचे डॉक्टर कोन्स्तान्तिनोस कात्सानोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २८ चाचण्या, ४,६६३ रुग्ण एकत्र करून हिशेब मांडला. पहिल्या वर्षी दोन्ही गटांत फरक नव्हता. दुसऱ्या वर्षाअखेर औषधी गटात ७.२ टक्के रुग्ण मरण पावले होते, दुसऱ्या गटात ३.८ टक्के. ज्या थोड्या चाचण्यांत पाच वर्षांची माहिती होती, तिथे १४.७ विरुद्ध ८.१ टक्के.

विचार करा. धमनी उघडी राहते, पण माणूस जातो, असे असेल तर या यशाला काय म्हणायचे? स्वीडन आणि ब्रिटनमधल्या मोठ्या चाचण्यांत नवे रुग्ण घेणे थांबवण्यात आले. एफडीएने डॉक्टरांना इशारा दिला आणि २०१९ च्या जूनमध्ये तज्ज्ञांची खास बैठक बोलावली. एका कंपनीला आपल्या आधी छापलेल्या मृत्यूंच्या आकड्यांत चूक असल्याचे जाहीर करावे लागले. औषधी फुग्यांचा वापर एकदम घटला.

या गोंधळात एक जुनी कमतरता उघडी पडली. बहुतेक चाचण्या लहान होत्या आणि 'धमनी उघडी आहे का' एवढेच पाहण्यासाठी आखलेल्या होत्या. दोन-तीन वर्षांनी अनेक रुग्ण नोंदींतून गळून गेले होते. ते जिवंत आहेत की नाहीत हेच कुणाला माहीत नव्हते. मग शोध सुरू झाला. जुन्या रुग्णांचा माग काढला गेला, सरकारी नोंदी तपासल्या गेल्या. डिसेंबर २०२० मध्ये स्वीडनच्या चाचणीचा पहिला हिशेब आला. २,२८९ रुग्णांत औषधी गटात २५.५ टक्के मृत्यू, दुसऱ्या गटात २४.६ टक्के, म्हणजे फरक नाही. जुलै २०२३ मध्ये एफडीएने जाहीर केले की एकूण पुरावा मृत्यूचा धोका वाढतो असे दाखवत नाही.

कात्सानोस यांनी खोटा गजर केला असे म्हणणारे लोक आहेत. मला ते पटत नाही. त्यांनी हातात होते ते आकडे मांडले आणि सगळ्या क्षेत्राला रुग्ण शोधायला लावले. शिवाय स्वीडनच्या त्याच चाचण्यांचे अंतिम निकाल २०२५ मध्ये आले, तेव्हा दिसले की औषधी फुगे आणि जाळ्यांमुळे पाय कापण्याचे प्रमाण कमी झाले नाही. धमनीचे चित्र सुधारले म्हणून रुग्णाचे आयुष्य आपोआप सुधारत नाही, हा धडा जरा कडवट आहे, पण तो घेतला पाहिजे.

सुरी की फुगा?

दरम्यान जुना वाद चालूच होता. पाय धोक्यात असेल तर आधी बायपास की आधी फुगा? २०२२ मध्ये १,८३० रुग्णांच्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीने सांगितले की पायातली स्वतःची शीर चांगली असेल तर बायपास सरस. मृत्यू किंवा पायावरचे मोठे संकट बायपास गटात ४२.६ टक्क्यांना आले, नळीच्या उपचारात ५७.४ टक्क्यांना. पुढच्याच वर्षी ब्रिटनमधल्या ३४५ रुग्णांच्या चाचणीने उलट सांगितले. मृत्यू किंवा पाय कापणे बायपास गटात ६३ टक्के, नळीच्या उपचारात ५३ टक्के. या दुसऱ्या चाचणीतल्या रुग्णांना गुडघ्याखालच्या बारीक धमन्यांचे उपचार लागणार होते.

वाचणारा म्हणेल, मग खरे कोणाचे? दोघांचेही. रुग्ण वेगळे होते. म्हणून 'सगळ्यांना फुगा' किंवा 'सगळ्यांना बायपास' म्हणणाऱ्याकडे जरा सावधपणे पाहावे. शीर कशी आहे, हृदय कसे आहे, अडथळा कुठे आहे, यावर उत्तर ठरते. गुडघ्याखाली तर नवी वाट निघते आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत काही काळ धमनीला आधार देऊन नंतर विरघळून जाणारी औषधी जाळी २६१ रुग्णांत तपासली गेली. वर्षभराने ठरवलेले यश तिच्या गटात ७४ टक्के, साध्या फुग्याच्या गटात ४४ टक्के होते. पुढच्या वर्षी अमेरिकेत तिला मंजुरी मिळाली. पाच वर्षांनी काय दिसते ते मात्र पाच वर्षांनीच कळेल.

धमनी उघडल्यानंतर

इतकी यंत्रे, इतके धातू, इतकी औषधे झाली. तरी दीर्घकाळचा निकाल ज्यावर सर्वांत जास्त अवलंबून आहे त्या गोष्टी स्वस्त आहेत आणि त्या रुग्णालयाबाहेर घडतात. तंबाखू सोडणे, साखर आणि रक्तदाब ताब्यात ठेवणे, कोलेस्टेरॉलची गोळी आणि रक्त पातळ ठेवणारी गोळी न चुकवणे. २०२० सालच्या ६,५६४ रुग्णांच्या चाचणीत धमनी उघडल्यानंतर ॲस्पिरिनच्या जोडीला रिव्हारोक्सॅबॅनची लहान मात्रा दिली, तेव्हा तीन वर्षांत पाय, हृदय किंवा मेंदूवरचे संकट अथवा त्यातून मृत्यू १९.९ वरून १७.३ टक्क्यांवर आला. रक्तस्राव थोडा वाढला, म्हणून हे डॉक्टरांनीच ठरवायचे असते. आणि चालणे. १९६६ सालीच डेन्मार्कच्या डॉक्टरांनी दाखवले होते की रोज नेमाने चालण्याचा व्यायाम केला की दुखण्याआधी चालता येणारे अंतर वाढते. २०१२ च्या एका अमेरिकन चाचणीत ओटीपोटातल्या धमनीचा आजार असलेले, देखरेखीखाली चालणारे रुग्ण सहा महिन्यांनी जाळी बसवलेल्यांपेक्षा जास्त वेळ चालू शकत होते. अर्थात ज्यांच्या पायाला जखम किंवा गँग्रीन आहे त्यांच्यासाठी हा सल्ला नाही, त्यांनी तातडीने डॉक्टरकडेच जायला हवे.

माझ्या नात्यातल्या एका बुजुर्गांच्या पायाची धमनी काही वर्षांपूर्वी फुग्याने उघडली. घरच्यांनी सोने गहाण ठेवून पैसे भरले. पाय गरम झाला, ते मशिदीत पायी जाऊ लागले, सगळे खुश. दुखणे थांबले म्हणजे आजार गेला, असे त्यांनी धरले. तीन महिन्यांत गोळ्या सुटल्या, विडी परत आली. दुसऱ्या वर्षी तोच पाय पुन्हा थंड पडला आणि या खेपेला दोन बोटे गेली. मी त्यांची फाइल पाहिली. घरी सोडतानाच्या कागदावर सगळे लिहिले होते: कोणती गोळी, किती काळ, तंबाखू बंद, सहा महिन्यांनी तपासणी. कागद नीट होता, पण इंग्रजीत होता. घरात चार माणसे साक्षर, दोघे उर्दू वाचतात, दोघे मराठी. इंग्रजी कागद त्यांनी जपून पेटीत ठेवला होता.

साठ वर्षांच्या संशोधनाची शेवटची पायरी त्या पेटीत अडकून पडली होती. डॉटर यांची नळी, ग्रुन्टझिग यांचा फुगा, वाणींचे द्रव्य हे सगळे त्या बुजुर्गांपर्यंत पोहोचले. पुढे काय करायचे हे सांगणारी चार वाक्ये मात्र पोहोचली नाहीत. ती वाक्ये लिहायला नव्या शोधाची गरज नाही, भाषेची गरज आहे. ते काम डॉक्टर एकटे करणार नाहीत. आपल्यासारख्या शिकलेल्या, दोन भाषा वाचणाऱ्या माणसांनी शेजारच्या घरात जाऊन ते केले पाहिजे.

म्हणून ती वाक्ये मी इथे साधी करून लिहितो. ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांनी ती हाताने मोठ्या अक्षरात, मराठीत किंवा उर्दूत उतरवून भिंतीवर लावावीत:

धमनी उघडली आहे, आजार गेलेला नाही. विडी, सिगारेट, तंबाखू, मिश्री कायमची बंद. डॉक्टर सांगत नाहीत तोवर एकही गोळी बंद करायची नाही, दुखत नसले तरी. रोज रात्री, किंवा वुजू करताना, दोन्ही तळवे आणि बोटांमधली जागा पाहायची आणि ती कोरडी ठेवायची. पाय गरम पाण्याच्या पिशवीने शेकायचा नाही, अनवाणी फिरायचे नाही. पाय अचानक थंड, पांढरा किंवा बधिर पडला, किंवा जखम दिसली, तर उद्याची वाट पाहायची नाही. आणि बरे वाटत असले तरी ठरलेल्या तारखेला तपासणीला जायचे. घोटा आणि दंड यांचा रक्तदाब मोजून त्याची तुलना करणारी एक साधी, न टोचता होणारी तपासणी असते. ती करा असे आपण होऊन म्हणायचे.